मैदानाच्या वीस वह्या

१

सोमवारी सकाळी मास्तरांनी मैदानावरच्या सामानाच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. मोतीबिंदू काढून बारा दिवस झाले होते आणि ते आज पहिल्यांदाच मैदानावर आले होते. आधी त्यांना वाटलं, आपल्यालाच नीट दिसत नाहीये. त्यांनी खालच्या कप्प्यात हात घातला, मग वरच्या. हाताला नुसता थंड पत्रा लागला.

हजेरीच्या वीसच्या वीस वह्या गायब होत्या.

मास्तर तिथेच, रेघा आखायच्या फक्कीच्या पोत्यावर बसले. मैदानाची राखण करणारे काका दारात उभे होते. त्यांना सगळी वस्ती मैदानकाका म्हणायची. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, पण मास्तरांनी तो घेतला नाही.

सगळं मैदान त्या वह्यांवर उभं होतं म्हणा ना. चार वर्षांपूर्वी शेजारची जुनी इमारत कोसळली होती. चौसष्ट कुटुंबं तेव्हापासून मैदानाच्या भिंतीपलीकडे पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढत होती. त्यांच्यासाठी याच मैदानावर घरं बांधायची, असा नगरपालिकेचा प्रस्ताव होता. पण खेळासाठी राखलेली जागा घरांना द्यायची तर ती दहा वर्षं वापरात नाही, हे सिद्ध व्हायला हवं, असा नियम होता. मैदान वाचवायला निघालेल्या समितीने लेखी कळवलं होतं की, मास्तरांच्या दहा वर्षांच्या हजेरीच्या वह्या आमच्याकडे आहेत, त्या आम्ही सुनावणीत सादर करू. अर्जाखाली सही मास्तरांचीच होती.

सुनावणी शुक्रवारी होती. मध्ये फक्त चार दिवस उरले होते.

२

दुपारी चौकशीला बाई आल्या. नगरपालिकेच्या चौकशी विभागात त्यांची तीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. समोर आलेला प्रत्येक कागद त्या दुसऱ्या कुठल्या तरी कागदाला टाचून ठेवत, म्हणून कचेरीत त्यांचं नाव टाचणीबाई पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. त्याचा त्यांना रागही नव्हता. एकटा कागद खोटं बोलतो, दोन टाचले की त्यांतला एक तरी तोंड उघडतो, असं त्या नव्या कारकुनांना सांगत.

त्यांनी आधी कुलूप पाहिलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. कपाटाच्या किल्ल्या तीन होत्या. एक मास्तरांकडे, एक मैदानकाकांकडे आणि एक विभागाच्या इंजिनिअरकडे.

मास्तरांना विचारायची गरजच पडली नाही. वह्या इंजिनिअरनेच पळवल्या, असं त्यांचं ठाम मत होतं. मैदान रिकामं असतं असा अहवाल त्याचाच होता आणि वह्यांनी तो खोटा पडला असता. बाईंनी विचारलं, हल्ली सरावाला किती मुलं येतात? मास्तर म्हणाले, अकरा.

मैदानकाका कमी बोलणारे. ऑपरेशनला गेल्यापासून मास्तर आले नव्हते, त्या दिवसांत खोली आपणच उघडत आणि बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. शनिवारी संध्याकाळी वीसही वह्या जागेवर होत्या, त्या आपण डोळ्यांनी पाहिल्या. रविवारी सुट्टी. जे काही झालं ते रविवारीच झालं असणार. एवढं सांगून ते झाडू घेऊन, दुखऱ्या गुडघ्याने लंगडत बाहेर गेले.

चालू वही मात्र टेबलाच्या खणात शिल्लक होती. ती कपाटात नसते, म्हणून वाचली. बाईंनी ती उघडली. रोजच्या पानावर अकरा नावं, अकराच्या अकरा हजर. गेल्या दहा हजेऱ्यांचं अक्षर वेगळं दिसत होतं, मोठं आणि वाकडंतिकडं, दुसरीतल्या मुलाने काढावं तसं. मास्तर दवाखान्यात होते, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असणार, त्यात नवल काही नव्हतं. बाईंनी वही पिशवीत टाकली.

निघता निघता त्यांनी कपाटाचे कप्पे पुन्हा एकदा पाहिले. कपाटाची मागची बाजू गंजून तिला बोटभर भोकं पडली होती आणि त्यामागेच रस्त्याकडची खिडकी होती. धूळ सारखी आत येत होती. बाईंनी चष्मा पुसला आणि खाली वाकल्या.

कप्प्यांच्या पत्र्यावर दहा चौकोन उमटले होते. वह्यांचे दोन दोनचे गठ्ठे जिथे जिथे ठेवलेले होते, तिथे तिथे एक. पहिल्या चौकोनावर धुळीचा चांगला थर होता. दुसऱ्यावर जरा कमी, तिसऱ्यावर त्याहून कमी. शेवटचा चौकोन पुसल्यासारखा लख्ख होता.

म्हणजे वह्या रविवारी गेल्या नव्हत्या. दोन दोन करून, दहा वेळा गेल्या होत्या. आणि शनिवारी सगळ्या जागेवर होत्या असं सांगणारा माणूस बाहेर मैदान झाडत होता.

३

बाईंनी ते कुणालाच सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी त्या इंजिनिअरकडे गेल्या.

इंजिनिअर चाळिशीतला, बोलताना सारखा घड्याळाकडे बघणारा. त्याने न विचारताच खणातून पाकीट काढून पुढे ठेवलं. किल्ली आत होती आणि पाकिटावरचं लाखेचं सील तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचं होतं. सील शाबूत होतं.

त्याचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. सगळे त्याला बिल्डरचा माणूस समजतात. त्याने मात्र सहा महिने रोज संध्याकाळी माणूस पाठवून मोजणी केली होती आणि रोजचा आकडा एकच होता. शून्य. मैदान इतकं पडून होतं की पाच वर्षांत तिथे वाळूची एक पाटीसुद्धा पोचवली नाही, मागितलीच नाही कुणी. मग मास्तरांची अकरा मुलं कुठून आली, असं बाईंनी विचारल्यावर तो हसला. म्हणाला, ते मास्तरांनाच विचारा. वह्या आल्या असत्या तर त्यांची पंचाईत झाली असती, माझी नाही.

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. रविवारी सकाळी तो जागा बघायला गेला होता. तेव्हा पत्र्याच्या खोल्यांतली ती नर्स फुगलेली पिशवी घेऊन मैदानाच्या फाटकातून घाईघाईने बाहेर पडताना त्याला दिसली. घरांसाठी सगळ्यांत पुढे तीच होती. मागच्या सभेत, मैदान बघून पोट भरत नाही आणि पाऊसही थांबत नाही, असं तिने मास्तरांच्या तोंडावर सुनावलं होतं.

नर्स त्या दिवशी ड्युटीवर होती, उद्या सकाळी भेटणार होती. बाईंनी मधला वेळ फुकट घालवला नाही. संध्याकाळी त्या मैदानाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन बसल्या. फाटकाला आतून कडी होती. भिंतीपलीकडून पत्र्यांवर आदळणाऱ्या चेंडूचा आवाज आणि मुलांचा गलका येत होता. इकडे मैदानावर चिटपाखरू नव्हतं. धावपट्टीच्या रेघा मात्र नव्या नवरीच्या मेंदीसारख्या ताज्या होत्या. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू कशी विंचरल्यासारखी सारखी केलेली होती, अगदी काठाच्याही वर वीतभर.

साडेपाचला मास्तर आले. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा. ते धावपट्टीच्या सुरुवातीला उभे राहिले. खिशातून कागद काढला आणि एकेक नाव घ्यायला लागले. आवाज खणखणीत होता. प्रत्येक नावानंतर ते थांबत, एखादं मूल ‘हजर’ म्हणायला जेवढा वेळ घेईल तेवढाच, आणि मग कागदावर खूण करत.

अकरा नावं झाली. समोर कुणी नव्हतं.

४

बाई घरी गेल्या आणि वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. त्यांच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. पहिली तीन वर्षं त्याच्यासाठी कुणाचा फोन आला, की ‘ते बाहेर गेलेत’ असं त्या सांगत. खोटं बोलतोय असं त्यांना तेव्हा एकदाही वाटलं नव्हतं.

बुधवारी सकाळी त्या नर्सच्या खोलीत गेल्या. खोली म्हणजे दहा बाय दहाचा पत्र्याचा डबा, पण भांडी लख्ख आणि अंथरुणांच्या घड्या इस्त्री केल्यासारख्या. नर्स रात्रीची ड्युटी करून आली होती. केस ओले होते आणि डोळे तांबारलेले. तिची नऊ वर्षांची मुलगी दोन खोल्यांमधल्या बोळात इकडून तिकडे पळत होती. बोळ इतका अरुंद, की वळताना तिला भिंतीला हात टेकावा लागत होता.

रविवारच्या पिशवीचं विचारताच नर्सने कॉटखालून ती ओढून काढली आणि जमिनीवर उलटी केली. चेंडू घरंगळले, चौदा-पंधरा. रबरी, टेनिसचे, एक फाटका फुटबॉल.

“आमच्या पोरांचे भिंतीपलीकडे जातात, मॅडम. पोरांना आत जायची बंदी. मैदानकाका बिचारे साठवून ठेवतात आणि मास्तर नसले की मला बोलावून देतात.”

बंदी कुणाची, असं बाईंनी विचारलं. नर्सने खांदे उडवले. इथे राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात पोरं गेली होती, असं ती म्हणाली. मास्तर त्यांना म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी फाटकाला आतून कडी लागली. वस्तीने काय समजायचं ते समजून घेतलं. आम्ही पत्र्याखालची माणसं, आमच्या पोरांच्या पायांनी मैदान विटाळणार. तेव्हाच तिने ठरवलं, की ज्या मैदानावर आपल्या पोरांना पाय ठेवता येत नाही, तिथे घरं झालेली काय वाईट.

बाईंनी पिशवीतून चालू वही काढली आणि तिच्यापुढे धरली. या अकरांपैकी कुणाला ओळखतेस का, एवढंच विचारलं.

नर्सने पान पाहिलं. मग तारीख पाहिली. पुन्हा पान पाहिलं.

“पाचवं नाव माझं आहे,” ती म्हणाली. “लग्नाआधीचं. मी पंधरा वर्षांची असताना मास्तरांकडे धावायला जायचे. ही सगळी आमच्या बॅचची नावं आहेत. आता कोण कुठे, कोण कुठे. दोघं तर परदेशात आहेत.”

“आणि पहिलं नाव?”

नर्सने वही मिटली आणि मांडीवर ठेवली.

“ती मास्तरांची मुलगी. माझी मैत्रीण होती. तिला जाऊन चौदा वर्षं झाली.”

५

नर्सने मग सगळं सांगितलं, तुटक तुटक. मुलगी लांब उडी मारायची. उंच, हडकुळी, सगळे तिला टोळ म्हणायचे. त्या दिवशी सरावाच्या शेवटी ती म्हणाली होती, बाबा, आज पुरे, छातीत कसंतरी होतंय. मास्तर म्हणाले, एक उडी मार आणि मग घरी जाऊ. ती धावत आली आणि उडी घ्यायच्या फळीच्या दोन पावलं अलीकडेच कोसळली. हृदयात जन्मापासून दोष होता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. तो कुणालाच ठाऊक नव्हता, मास्तरांनाही नाही.

पुढे बॅच हळूहळू पांगली. नवीन मुलं मास्तरांनी घेतली नाहीत, हे नर्सला ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ तिने आजवर वेगळाच लावला होता.

बाई तिथून उठल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात सगळे कागद एकमेकांना टाचले गेले होते. त्या थेट मैदानावर गेल्या. मैदानकाका उडीच्या खड्ड्याजवळ एक पाय लांब पसरून बसून दाताळ्याने वाळू सारखी करत होते. बाई शेजारच्या दगडी काठावर बसल्या आणि त्यांनी सावकाश सांगायला सुरुवात केली.

वह्या दहा वेळा, दोन दोन करून गेल्या, हे धूळ सांगत होती. बाहेरचा चोर दहा वेळा येत नाही. इंजिनिअरची किल्ली सीलबंद होती, नर्सकडे किल्लीच नव्हती. राहिले दोघे. मास्तर त्या सगळ्या दिवसांत डोळ्यावर पट्टी बांधून घरी पडून होते. चालू वहीत वेगळ्या अक्षरातल्या हजेऱ्याही दहाच होत्या. म्हणजे रोज संध्याकाळी कुणीतरी मास्तरांच्या जागी त्या अकराजणांची हजेरी लिहीत होतं आणि लिहून झाल्यावर दोन वह्या उचलत होतं.

“दोनच का, तेही कळलं,” बाई म्हणाल्या. “काका, तुमचा गुडघा दुखतो. त्याहून जड तुम्हाला उचलत नाही.”

मैदानकाकांचं दाताळं थांबलं होतं.

“आणि पाच वर्षांत या मैदानावर वाळूची पाटीसुद्धा आली नाही, असं इंजिनिअर म्हणतो. मग ही वाळू काठाच्या वर वीतभर कशी आली?”

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. वाळूवर हात ठेवून तो तसाच बसून राहिला, एखाद्याच्या कपाळावर ठेवावा तसा.

“जाळणार होतो, बाई,” तो शेवटी म्हणाला. “काडीसुद्धा ओढली. पण प्रत्येक पानावर पहिलं नाव पोरीचं. माझ्याच्याने झालं नाही.”

६

मैदानकाकांना हजेरीचं पहिल्यापासून ठाऊक होतं. मुलगी गेल्यानंतर तिसऱ्या का चौथ्या वर्षी शेवटचा मुलगा यायचा बंद झाला. त्या संध्याकाळी मास्तर जरा वेळ नुसते उभे राहिले आणि मग त्यांनी अकरा नावं घेतली. काकांना वाटलं, उद्या थांबतील. ते थांबले नाहीत. काकांनीही कधी विचारलं नाही. ते रोज रेघा आखत राहिले, वाळू विंचरत राहिले. मास्तर ऑपरेशनला गेले तेव्हा एवढंच म्हणाले होते, वही तेवढी बघ. आणि काकांनी बघितली. हजेरीत खाडा पडला तर मास्तरांचं काय होईल, याची त्यांना भीती वाटत होती.

वह्या सुनावणीत जाणार हे कळल्यावर मात्र त्यांचं धाबं दणाणलं. तिथे कुणीतरी त्या उघडणार, मोठ्याने वाचणार. भरल्या सभेत मास्तर खोटे ठरणार, नाहीतर वेडे. मैदान जायचं तर जावो, पण हे नको.

“मी चोरी केली म्हणून लिहा,” ते म्हणाले. “त्यांचं काही लिहू नका.”

बाई म्हणाल्या, “लिहायचं ते मला खरंच लिहावं लागणार. पण त्यांना ते सभेत कळायला नको. तुम्ही सांगता, की मी सांगू?”

काकांनी हाताची वाळू झटकली. मग म्हणाले, मीच सांगतो.

गुरुवारी सकाळी बाई मैदानावर पोचल्या, तेव्हा मास्तर गुडघाभर खड्ड्यात उभे होते आणि फावड्याने वाळू उपसत होते. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं. मैदानकाका बाजूला उभे राहून डोळे पुसत होते. प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या वह्या काठावर ओळीने मांडलेल्या होत्या.

विसावी वही वर आल्यावर मास्तर काठावर बसले. बाईंनी त्यांना काहीच विचारलं नाही. बोलायला त्यांनीच सुरुवात केली. लिहिताना रोज ठाऊक असायचं, ते म्हणाले. भ्रम वगैरे काही नव्हता. समितीने वह्यांचं विचारलं तेव्हा सही करून टाकली, कारण कचेरीत वह्या मोजतात, वाचत कुणी नाही, असा त्यांचा अंदाज होता. तो बाईंनाही फारसा चुकीचा वाटला नाही.

मग बाईंनी, कालपासून मनात होता तो प्रश्न विचारला. भिंतीपलीकडे शंभरावर मुलं आहेत. ती आली असती तर अकरा काय, पन्नास खरी नावं लिहिता आली असती. त्यांना का परत पाठवलं?

मास्तरांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता.

“समोर पोर धावायला लागलं, की मला तिची छाती दिसते,” ते म्हणाले. “वाटतं, आता पडेल. मग मी म्हणतो, उद्या ये. उद्या आपल्याला जमेल, असं खरंच वाटायचं. रोज वाटायचं.”

“वस्तीला वाटलं, पोरं पत्र्याच्या खोल्यांतली म्हणून,” बाई म्हणाल्या.

मास्तर बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिले. हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. जमिनीवर ठेवलेला हात त्यांनी उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

७

शुक्रवारी सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला मैदान वाचवणारे, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांतली माणसं, कडेवर पोरं घेऊन आलेली. बाईंचा अहवाल दोनच परिच्छेदांचा होता. पहिल्यात त्यांनी लिहिलं होतं की, वह्या सापडल्या आहेत, चोरी झालेली नाही आणि वह्यांतली हजेरी खरी नाही. दुसऱ्यात लिहिलं होतं की, मैदान रिकामं असणं आणि ते कुणाला नको असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलं येत नव्हती, कारण त्यांना येऊ दिलं गेलं नव्हतं.

सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी मास्तरांना विचारलं, मैदान वापरात होतं का?

मास्तर उभे राहिले. समितीतले लोक त्यांच्याकडे आशेने बघत होते.

“नव्हतं,” ते म्हणाले. “पण तो दोष मैदानाचा नाही. पोरांचाही नाही. माझा आहे. भिंतीपलीकडच्या पोरांना मी आत घेतलं नाही. त्यांच्या आईबापांना त्यातून भलतंच काही वाटलं असेल, तर मी त्यांच्यापुढे हात जोडतो.”

आणि त्यांनी खरोखरच त्या बाजूला वळून हात जोडले.

नर्सला बोलायला सांगितलं, तेव्हा ती लगेच उठली नाही. तिच्या मागे चौसष्ट कुटुंबं बसली होती. बाईंना तिचा चेहरा दिसत होता आणि त्यांना वाटलं, ही आता रडणार. ती रडली नाही. घरं हवीत, एवढंच तिने सांगितलं. पत्रा उन्हाळ्यात तापतो, पावसात गळतो, दोन म्हातारी माणसं गेली, अजून वाट बघायची ताकद नाही. सांगून झाल्यावर ती मास्तरांकडे न बघता खाली बसली.

सहा आठवड्यांनी निर्णय आला. मैदान घरांना दिलं, अख्खंच्या अख्खं. अहवालातला दुसरा परिच्छेद नियमांच्या कक्षेत बसत नसल्याने विचारात घेतलेला नाही, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं. जागा वापरात आहे की नाही एवढंच नियम विचारत होता. का नाही, हे विचारायची त्यात सोय नव्हती. मैदानकाकांना लेखी समज मिळाली आणि त्यांची बदली कचेरीच्या दारावर झाली. नर्सच्या कुटुंबाचं नाव पहिल्या यादीत होतं.

निर्णयाची प्रत टपालाने गेली असती. बाई मात्र ती स्वतः घेऊन मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं की, ती नर्स कुठल्या खोलीत राहते ते बाईंना ठाऊक आहे का. दोघं चालत गेले. एवढ्या वर्षांत मास्तर भिंतीच्या या बाजूला पहिल्यांदाच येत होते.

नर्स दारातच भाजी निवडत होती. मास्तरांना पाहून ती गडबडीने उठली आणि तिने पदराने स्टूल पुसलं. मास्तर बसले.

“घर मिळतंय, बरं झालं पोरी,” मास्तर म्हणाले.

“सर, मला दोन्ही हवं होतं,” नर्स म्हणाली. “घरही आणि मैदानही. त्या दिवशी तिथे उभी राहिले आणि तोंडातून एकच निघालं. दोन्ही मागायचं असतं, हे सुचलंच नाही.”

मास्तरांनी मान हलवली. आपल्यालाही सुचलं नाही, असं ते म्हणाले. खोलीच्या पत्र्यावरून उन्हाची झळ येत होती. नर्सने पाणी आणून दिलं आणि मास्तर ते सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

“खोदायला कधी सुरुवात होणार?” त्यांनी बाईंना विचारलं.

बाई म्हणाल्या, अजून दोन महिने तरी नाही.

मास्तरांनी बोळाकडे पाहिलं. बोळ रिकामा होता.

“तुझी मुलगी कुठंय?”

“शाळेत. साडेचारला येईल.”

भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते. बाईंना कचेरीत परतायचं होतं. त्या उठल्या आणि मास्तरांसाठी थांबल्या, पण मास्तर उठले नाहीत.

“तुम्ही व्हा पुढे,” ते म्हणाले. “मी थांबतो.”

नर्सने स्टूल सावलीत सरकवून दिलं.